न हुंगलेली सुरंगी

रिक्षात कसला तरी वास येत होता. चांगला होता, पण ओळखीचा नव्हता, आणि आम्रपाली तांबेला अनोळखी वास खपत नसे. पाहुण्याला आधी बसवा, पाणी द्या आणि मग नाव विचारा, हे माणसांचं झालं. वासाने आल्या आल्या नाव सांगायचं, असा तिचा शिरस्ता होता. तिने सवयीने डोळे मिटले आणि वास सोलायला घेतला. वर मध, खाली थोडी धूळ, मध्ये काहीतरी कोवळ्या सालीसारखं ओलसर. मोगरा नाही. बकुळ नाही. अत्तर तर नाहीच, अत्तरात धूळ कुठली. मारुती मंदिराच्या चौकात एसटी वळत होती म्हणून रिक्षा थांबली, तेव्हा तिने डोळे उघडले आणि आरशाला गुंडाळलेला पिवळट गजरा पाहिला. “हा कसला हो गजरा?” तिने विचारलं. “सुरंगीचा, म्याडम,” रिक्षावाला म्हणाला. आपलं विनोद हे नाव त्याने पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं. मागे वळून त्याने जरा दयेने पाहिलं. “तुमी हितल्या न्हाय वाटतं.”

ती इथलीच होती. इथलीच म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत जी वाडी आहे, तिथली. जिथे फाल्गुन लागला की सुरंगीच्या झाडाखाली माणसापेक्षा मधमाश्या जास्त, तिथली. आणि गेली पाच वर्षं ती दुसरं काही करत नव्हती, सुरंगीच करत होती. एमआयडीसीतल्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत, स्टीलच्या टाकीत, सुरंगीचं एकही फूल न वापरता सुरंगीचा वास. आज अकरा वाजता त्या वासाची परीक्षा होती, आणि पावणेनऊला तिला खरी सुरंगी ओळखू आली नव्हती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. हलवायाला साखर ओळखू येऊ नये असा प्रकार. ती गडबडली, पण घाबरली नाही. घाबरायचं तिने पुण्यात पहिल्याच वर्षी सोडलं होतं. तिच्या बोलण्यातले ‘हाय’ आणि ‘न्हाय’ ऐकून वर्ग हसला होता, आणि सहा महिन्यांनी त्याच वर्गाने तिच्या वह्या उतरवून घेतल्या होत्या. तिने रिक्षावाल्याला सांगितलं, “इथलीच आहे. नाक जरा बाहेरगावी गेलं होतं.” तो हसला. तीही हसली, पण तो गजरा एमआयडीसीपर्यंत तिच्या तोंडासमोर हलत राहिला आणि तिची नजर काही त्याच्यावरून निघेना.

झालं असेल काय, याचा हिशेब ती लावू लागली. पाच वर्षं सकाळ-संध्याकाळ टाकीतला वास घेऊन नाक त्यालाच मूळ मानायला लागलं असेल. नाकाचं काय, ते ज्याच्या घरी राहील त्याचं होतं. किंवा गजरा शिळा असेल. किंवा, आणि हा तिसरा विचार तिला मुळीच आवडला नाही, टाकीतला वास सुरंगीचा नसेलच. पण हे शक्य नव्हतं. काय केलं ते तिला पायरीपायरीने ठाऊक होतं. सुरंगीच्या कळीत एक एन्झाइम असतं, म्हणजे वास घडवणारा कारागीर म्हणा. हा कारागीर कसा तयार करायचा ते ज्या जीनमध्ये लिहिलेलं असतं, ती जीन तिने वाडीतल्याच झाडाच्या कळ्यांतून शोधून काढली आणि यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवतात त्याच खमिराच्या जिवात, बसवली. आता यीस्टने साखर खायची आणि सुरंगी दरवळायची. म्हणायला इतकं सोपं. पहिल्या वर्षी टाकीतून आला तो ओल्या गोणपाटाचा वास. दुसऱ्या वर्षी वास जमला तर यीस्टच मरू लागलं. आपणच केलेला वास त्याला सोसेना. तेव्हा तिने टाकीत वर तेलाचा थर ठेवला, वास निघाल्या निघाल्या तेलात मुरत गेला आणि खालचं यीस्ट सुखाने जगलं. तो दिवस तिला आठवत होता. झाकण उघडलं आणि खोलीत झाड आलं. ती एकटीच होती, आणि एकटीच मोठ्याने म्हणाली होती, “आली गो बाय.” मशीनच्या कागदावरही फुलाचा आणि टाकीचा आलेख एकावर एक ठेवला तर डोंगर डोंगरावर आणि टेकडी टेकडीवर बसत होती. कागद खोटं बोलत नाही. मग रिक्षात नाक का अडखळलं?

परीक्षेची अटही तिची तिनेच घातलेली. मुंबईच्या कंपनीचा दर्शन नावाचा अधिकारी दोन महिन्यांपूर्वी आला, तेव्हा त्यांच्याकडच्या वासतज्ज्ञांची पसंती कळवून झाली होती. कंपनीला बाटलीवर ‘सुरंगी’ असं नाव छापायचं होतं. आम्रपाली म्हणाली, नाव असं छापता येणार नाही. जन्मभर ज्या बायांनी सुरंगी खुडली आणि ओवली, त्यांतल्या पाचजणींनी हा वास सुरंगीचा म्हटला तरच नाव. नाहीतर दुसरं काहीही छापा, माझं काही म्हणणं नाही. दर्शनला वाटलं, जाहिरातीला झकास आहे. त्याने तिथल्या तिथे होकार दिला. पाच बायांतली एक आम्रपालीची आई, नंदा. सहासष्ट वर्षांची, चाळीस वर्षं स्टँडबाहेर सुरंगी विकलेली. बाकीच्या चौघींचं मत कंपनीसाठी होतं. आईचं मत आम्रपालीला स्वतःसाठी हवं होतं, आणि हे तिने कुणालाही, स्वतःलासुद्धा, आजवर धड सांगितलं नव्हतं. मुलगी शिकली, परदेशी जाऊन आली, तिच्या नावाचे कागद छापून आले. आईने प्रत्येक वेळी “बरा झाला” म्हटलं आणि पुढच्या कामाला लागली. मुलगी नेमकं करते काय, हे तिने विचारलं नाही आणि हिला सांगता आलं नाही. पण सुरंगी तिला कळत होती. तिने एकदा ‘हो’ म्हटलं की मुलीने काय केलं ते आईला कळलं, इतका तो साधा मामला होता.

बाया साडेआठच्या एसटीने निघून दहालाच येऊन बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्या, पायांत नवीन चपला. काशीमावशी त्यांची पुढारी. कुणबीवाडीतली, नंदाच्या शेजारी चाळीस वर्षं फुलं विकलेली, आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. टाकीला प्रदक्षिणा घालून तिने विचारलं, “ह्यात काय शिजतंय गो आमू?” “वास शिजतोय, मावशी.” “मंग झाकान कनाला? कळू दे की गावाला.” आणि मग, हसणं ओसरायच्या आत, “ह्यो टाकीतला वास गावभर झाला तर आमची सुरंगी घेनार कोन?” आम्रपालीकडे उत्तर तयार होतं, कारण हा प्रश्न तिने स्वतःला पुष्कळदा विचारला होता. “केसांत माळायला बाटली नाही चालत मावशी, त्याला फूलच लागतं. आणि कळ्या खुडायला बाया मिळत नाहीत म्हणून तूच ओरडत होतीस ना मागच्या वर्षी?” काशी म्हणाली, “ते तर सुना ओरडाया लावतात, खुडाया येक येत न्हाय.” मांडीवर हात ठेवून नंदा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. मुलीकडे तिने एकदाच पाहिलं, ते हिने खाल्लं आहे की नाही एवढं बघण्यापुरतं.

अकरा वाजता आम्रपालीने प्रत्येकीच्या हातात कागदाची एक अरुंद पट्टी दिली. पट्टीच्या टोकाला टाकीतल्या तेलाचा थेंब. सुरंगी वाटली तर हो, नाही तर नाही. बोला, सकाळीच मुंबईहून आलेला दर्शन लिहून घेईल. पाच बायांनी पाच पट्ट्या घेतल्या आणि हात लांब करून धरल्या, ओलं लुगडं अंगापासून लांब धरावं तशा. कुणी मान वाकवेना, कुणी हात जवळ घेईना. एकीने पट्टी हलवून पाहिली. काशी म्हणाली, “न्हाय. कागुद वाटतो ह्यो मला.” दुसरी म्हणाली, नाही. तिसरी, चौथी, नाही. नंदा म्हणाली, “काय कळत न्हाय.” दर्शनने पाच ओळी लिहिल्या आणि पेनचं टोपण लावलं. त्याचा चेहरा पडला होता. आम्रपालीने त्या पाच ओळी वाचल्या. म्हणजे रिक्षातलं नाक खरं होतं. पाच वर्षं आपण दुसरंच काहीतरी करत होतो आणि त्याला सुरंगी म्हणत होतो. हे तिला वाटलं खरं, पण फार वेळ वाटलं नाही, कारण ती बायांच्या हातांकडे बघत होती. पाचही हात अजून लांबच होते. हात भरून आले तरी कोपरातून वाकत नव्हते. आणि आईने, नंदाने, डाव्या हाताने पदराचं टोक उचललं होतं आणि ते नाकावर धरलं होतं.

तेव्हा तिला आठवलं, आणि आपण विसरलोच कसे याची तिला शरम वाटली. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. हुंगलं की ते उष्टं झालं. हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. स्टँडबाहेरचे गजरे अर्धे डोक्यात जायचे, अर्धे पुळ्याच्या गणपतीला. घेणाऱ्या बाया काशीला काही विचारत नसत. नंदाला विचारत. “हुंगलं नाहीस ना गं?” तिच्या वाडीचं नाव ठाऊक असलेल्या तर दोनदा विचारत. नंदाच्या घरी देव नव्हता. सासऱ्याने छप्पन्नच्या पुढच्याच वर्षी देव पाण्यात सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला फुलं वाहताना हुंगली की नाही याची चौकशी कुणी करत नव्हतं. पण धंदा धंदा होता. एके दिवशी नंदाने पदर नाकातोंडावरून घेऊन मागे गाठ मारली आणि तशीच ओवायला बसली. आता बघा, विचारू नका. दुसऱ्या दिवशी काशीने तिच्याकडे पाहिलं, म्हणाली, “तू एकटी कनाला बांदतंस,” आणि आपलाही पदर बांधला. मग सगळ्या बांधू लागल्या. त्या वेळी आम्रपाली सात वर्षांची होती, आईच्या मागे पोत्यावर बसून दोऱ्याला गाठी मारायची. एकदा कुणी बघत नाही असं पाहून तिने ओंजळभर कळ्या नाकातोंडावर दाबल्या. आईने पाहिलं. मारलं नाही, ओरडली नाही. त्या कळ्या तिच्या ओंजळीतून काढून घेतल्या, त्यांच्याबरोबर ओवून झालेली सबंध माळही घेतली आणि रस्त्यापलीकडच्या वहाळाच्या पाण्यात टाकून परत येऊन बसली. आम्रपाली दिवसभर रडली. पण रडताना हात तोंडावरून काढला नाही तिने, कारण हाताला वास होता.

पुढे पुण्यात, मग परदेशात, शिकवलेलं सगळं नाकाजवळचं. पट्टी धरा, दोन बोटं अंतर ठेवा, तीन छोटे श्वास घ्या. तिने टाकीतली सुरंगीसुद्धा त्या दोन बोटांसाठी बसवली होती. आणि सुरंगीचे म्हणून जे जगातले सगळ्यात जाणते लोक तिने मोठ्या ऐटीत बोलावले होते, त्यांनी सुरंगी आयुष्यात कधी जवळून घेतलेलीच नव्हती. त्यांची सुरंगी अंगणातून यायची, टोपलीतून, शेजारणीच्या पाठीवरून, वाऱ्याने. रिक्षातली तिला का अडली हेही आता कळलं. ती नाकापासून हातभर लांब होती, पंधरा वर्षांत लांबची सुरंगी हिने घेतलीच नव्हती. चूक टाकीत नव्हती, अंतरात होती. ही चूक पुण्याच्या माणसाने केली असती तर चाललं असतं. स्टँडवर पोत्यावर बसलेल्या मुलीने करायला नको होती.

ती उठली. “मावशी, त्या पट्ट्या द्या इकडे. सगळ्या बाहेर पडवीत बसा, गप्पा मारा.” दर्शनने विचारलं, हे नियमात बसतं का. ती म्हणाली, “नियम मी केलेत, बसवते.” तिने सुती पंचा पाण्यात भिजवून पिळला, त्यावर बाटलीतले आठ-दहा थेंब सोडले आणि आतल्या खोलीच्या खिडकीत वाळत घातला. दाराची दोन्ही कवाडं उघडली. समुद्रावरचा वारा अकरानंतर सुटतो, तो खिडकीतून आत आला, खोलीतून फिरला आणि पडवीत गेला. ती दाराआड उभी राहिली. बाहेर कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचं बोलणं चाललं होतं. काशी सांगत होती, नाव ठेवलं ते मोबाइलमध्ये शोधून ठेवलं, हाक मारताना जीभ अडते. आणि वाक्याच्या मध्येच ती थांबली. “जल्ला, सुरंगी कुटं फुलली हितं? एमआयडीशीत झाड हाय?” दुसरी म्हणाली, “मगाधरनं येतोय मला. मी म्हनलं तुज्या डोक्यात हाय.” चौघीजणी इकडेतिकडे बघू लागल्या. एक तर उठून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जाऊन वर बघून आली. दर्शनने पेनचं टोपण काढलं आणि पहिल्या चार ओळी खोडून चार वेळा ‘हो’ लिहिलं. आम्रपालीने दाराआड ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर ती ओरडली असती.

नंदाने काहीच म्हटलं नव्हतं. वारा तिच्यावरूनही गेला होता. ती उठून नळावर पाणी प्यायला गेली होती. दर्शन आत येऊन म्हणाला, “मॅडम, चार पुरेत. एक तटस्थ दाखवू. मी मुंबईला फोन करतो.” त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. नाव मिळालं होतं, बाटली निघणार होती, प्रयोगशाळेला आणखी तीन वर्षं मरण नव्हतं. आम्रपाली हो म्हणाली आणि नळाकडे गेली. आई पदराला हात पुसत होती.

“तू काही बोलली नाहीस.”

“वास बरा हाय की.”

“बरा आहे की सुरंगीचा आहे?”

“लांबून काय गो,” नंदा म्हणाली, “लांबून तुजा बापूसपन बरा दिसायचा.”

आम्रपालीला हसू आलं आणि ते तिने येऊ दिलं. पण आई हसत नव्हती. ती उघड्या दारातून आत, खिडकीतल्या पंचाकडे बघत होती. स्टँडवर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी, शांत आणि पक्की. आपली आई कुणाला खूश करायला हो म्हणणार नाही, मुलीला तर नाहीच, हे आम्रपालीला तिथे नव्याने कळलं. आणि आपण हट्टाने पाच वर्षं एका वासामागे लागलो तो हट्ट कुठून आला, हेही कळलं. तिला आईचा अभिमान वाटला. रागही आला.

“ह्यो कुनाला वाहायाचा हाय?” नंदाने विचारलं.

“कुणाला नाही. बाटलीत भरायचा. माणसं अंगाला लावतील.”

“देवळात न्हाय जायाचा?”

“नाही.”

“कुनी इचारनार न्हाय?”

काय विचारणार नाही, ते आम्रपालीला कळलं. “कुणी नाही विचारणार, आई,” ती म्हणाली.

नंदा आत गेली. खिडकीतला पंचा तिने काढला, दोन्ही हातांनी नीट घडी केला, एकदा, दोनदा. दाराकडे पाहिलं, पडवीकडे पाहिलं. काशी बोलायची थांबली होती आणि दारात येऊन उभी होती. मग नंदाने पंचा उचलला आणि त्यात तोंड घातलं. तिचे खांदे वर आले आणि बराच वेळ वरच राहिले. एवढा लांब श्वास आईने घेतलेला आम्रपालीने कधी पाहिला नव्हता. पाच वर्षांचं काम, आलेख, डोंगर, टेकड्या, सगळं त्या घडीत होतं, आणि तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. ती फक्त आईचे पांढरे केस बघत होती, नीट विंचरलेले, बिनगजऱ्याचे. नंदाने तोंड वर काढलं. डोळे भरले होते, पण त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. कुणीतरी आपल्याला फसवलंय आणि किती वर्षं ते आत्ता मोजायचंय, अशी ती मुलीकडे बघत होती.

“जवळून येवढा असतो ह्यो?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पंचा पुन्हा तोंडाशी नेला.